एकतीस लिटर

माझे बाबा तेवीस वर्षं दुसऱ्यांची घरं ओढत आहेत. खरीखुरी घरं. आत दोन पलंग, छोटासा ओटा, बेसिन, खिडक्यांना फुलाफुलांचे पडदे, आणि खाली चाकं. कॅराव्हॅन म्हणतात त्यांना. आमची कंपनी त्या भाड्याने देते. लोकांना सुट्टीत डोंगरावरच्या तळ्याकाठी राहायचं असतं, पण तंबूत नाही, घरात. ते पोचायच्या आधी बाबा पिकअपच्या मागे कॅराव्हॅन जोडून तिथे नेतात. सपाट जागा बघून ती उभी करतात, तिच्या कोपऱ्यांतले चारी पाय खाली टेकवतात, ओट्यावर पाण्याने भरलेला पेला ठेवून पाणी कुठल्या बाजूला कलतंय ते बघतात. सुट्टी संपली की घर परत यार्डात. तेवीस वर्षांत ते स्वतः अशा घरात एक रात्रही राहिलेले नाहीत.

यार्डात सहा पिकअप आहेत आणि सहा ड्रायव्हर. ड्रायव्हरला नाव नसतं, गाडीचा नंबरच चिकटतो. बाबा ‘चार नंबर’. फक्त एक नंबरला सगळे ‘शिट्टी’ म्हणतात, कारण तो तोंडाने शिट्टी वाजवल्याशिवाय गाडी सुरूच करू शकत नाही.

बाबा कमी बोलतात. टायर गरम झालाय का ते तळहाताने नाही, हाताच्या पाठीने बघतात. ‘तळहात राठ झालेत, त्यांना काही कळत नाही,’ म्हणतात. सामान लादताना जड वस्तू चाकांच्या बरोब्बर वर ठेवायची, मागे अजिबात नाही, नाहीतर ट्रेलर शेपूट हलवतो, हा त्यांचा नियम. बाजारातून पिशवी आणली तरी बटाटे कुठे आणि कोथिंबीर कुठे याचा विचार केलेला असतो. आई म्हणते, “या माणसाने लग्नात मला पण तोलूनच उभं केलं होतं.”

हे सगळं मी आता कौतुकाने लिहिते आहे. आधी मला याची लाज वाटायची, हेही लिहायला हवं.

मी आठवीत असताना एकदा कंपासपेटी घरी विसरले. भूमितीचा पेपर होता. बाबा ट्रिपवर निघाले होते, ते वाट वाकडी करून शाळेत आले. पिकअप आणि मागे अख्खी कॅराव्हॅन. फाटकासमोरचा रस्ता अडला, मागे हॉर्न वाजायला लागले. वर्गातल्या मुली खिडकीशी जमल्या आणि एक ओरडली, “अगं, कोणाचं तरी घर शाळेत आलं!” सगळ्या खिदळल्या. मी खाली गेले, पेटी घेतली. बरोबर आलेल्या मैत्रिणीने विचारलं, “कोण गं हे?”

“ओळखीचे काका आहेत,” मी म्हणाले.

बाबा दोन हातांच्या अंतरावर उभे होते. त्यांना ऐकू गेलं. ते मैत्रिणीकडे बघून हसले आणि म्हणाले, “हो, हिच्या बाबांनी पाठवलंय.” मग गाडीत बसले. त्या अरुंद रस्त्यात, मागे एवढं धूड असताना, एकाही गाडीला न खेटता त्यांनी सरळ रेषेत रिव्हर्स घेतला. मुली टाळ्या वाजवत होत्या. मी वर्गात जाऊन बसले होते.

घरी त्यांनी विषय काढला नाही. मीही नाही.

पुढे मी इंजिनिअर झाले, यंत्रशाखेची. आमच्या घराण्यात टेबलाच्या या बाजूला बसून काम करणारी मी पहिलीच. नोकरी लागली ती बाबांच्याच कंपनीत, पण वशिल्याने नाही. जाहिरात पाहिली, परीक्षा दिली, मुलाखत दिली. नवे व्यवस्थापक दुसऱ्या शहरातून आलेले, त्यांना सहा ड्रायव्हरांची नावंही माहीत नव्हती. पहिल्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळी बाबा बूट पुसत पुसत म्हणाले, “तिथे मी तुला मॅडम म्हणेन.”

“कशाला?”

“बरं दिसतं.”

“बरं,” मी म्हणाले. एवढंच. छातीवरचं ओझं उतरल्यासारखं वाटलं. ते त्यांनाही दिसलं असणार, कारण ते पुन्हा बुटाकडे बघायला लागले.

अशी मी ‘मॅडम’ झाले. सकाळी एकाच दारातून दोघं निघायचो, बाबा सायकलवर आणि मी दहा मिनिटांनी बसने. यार्डात ते मला “नमस्कार मॅडम” म्हणायचे. मी मान हलवायचे.

काम मिळालं ते इंधन वाचवण्याचं. व्यवस्थापक म्हणाले, “डिझेल आपल्याला खातंय. सहा महिन्यांत काही करून दाखवा. दाखवलंत तर कायम, नाहीतर आपण दोघंही मोकळे.”

मी कामाला भिडले. आमची सगळ्यात जास्त होणारी फेरी म्हणजे तळ्याची, जाऊन येऊन दोनशे चाळीस किलोमीटर. मोजायची पद्धत साधी होती. निघताना यार्डातल्या पंपावर टाकी काठोकाठ भरायची आणि परत आल्यावर पुन्हा काठोकाठ भरायची. दुसऱ्यांदा जेवढं डिझेल मावलं तेवढं जळलं. सरासरी आली छत्तीस लिटर.

मग मी यादी केली. कॅराव्हॅनच्या पाण्याच्या टाक्या रिकाम्या करून निघायचं, पाणी तिथे पोचल्यावर भरायचं. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो, ते कशाला डोंगरावर चढवायचं? दर सकाळी टायरची हवा तपासायची. छतावरच्या झडपा आणि खिडक्या बंद. वेग सत्तरच्या वर नाही. आणि पिकअपच्या टपावर फायबरची एक उतरती टोपी बसवायची, म्हणजे वारा कॅराव्हॅनच्या उभ्या भिंतीवर आपटण्याऐवजी वरून निघून जाईल. टोपीचं डिझाइन माझं स्वतःचं होतं. ड्रायव्हरांनी ती पाहिली आणि शिट्टी म्हणाला, “घ्या, मॅडमनी आपल्याला टोपी घातली!” सगळे हसले. बाबाही हसले, पण जरा उशिराने.

माझं गणित सांगत होतं की छत्तीसचे एकतीस होतील. मी ते तीनदा केलं, तिन्ही वेळा एकतीस. रात्री जेवताना मी घरी सांगितलं. मला राहवतच नव्हतं.

“एकतीस म्हणजे चौदा टक्के, बाबा! चौदा!”

आई म्हणाली, “चौदा म्हणजे चांगलं असतं का गं?”

“आई, लोक दोन टक्क्यांसाठी जीव टाकतात.”

बाबांनी घास थांबवला. “वाऱ्याचं ठीक आहे,” ते म्हणाले. “पण चढाचं काय?” त्यांनी बोट पेल्यातल्या पाण्यात बुडवलं आणि टेबलावर एक रेघ ओढली, आधी सपाट, मग वर जाणारी. “ही बघ, शेवटचे चाळीस किलोमीटर. इथे वारा कुठे...”

“बाबा, यातलं गणित तुम्हाला नाही कळायचं.”

मी ते रागाने म्हटलं नव्हतं. हसत म्हटलं होतं, तेच जास्त वाईट. बाबांनी “तेही खरंच” म्हणून बाहीने रेघ पुसली आणि भात मागितला.

पहिल्या आठवड्यात सगळ्या गाड्या चौतीसवर आल्या. दोन लिटर वाचले. मी यार्डातल्या फळ्यावर सहाही आकडे खडूने लिहिले. माझा चेहरा पडला होता, तो घरीही पडलेलाच राहिला. आईने विचारलं तर मी म्हणाले, “असं राहिलं तर मला नाही कायम करणार.” बाबा वर्तमानपत्र वाचत होते.

दुसऱ्या आठवड्यात चार नंबरचा आकडा आला एकतीस. तिसऱ्या आठवड्यात पुन्हा एकतीस. बाकी पाच जण चौतीसवरच.

आता मी थांबून विचार करायला हवा होता. कॉलेजात पहिल्याच वर्षी शिकवलं होतं की मोजलेला आकडा कागदावरच्या आकड्याशी इतका तंतोतंत जुळला, तर आधी मोजणाऱ्यावर संशय घ्या. मला संशय आला नाही, आनंद झाला. मी ठरवून टाकलं की गणित बरोबर आहे आणि बाकीचे पाच जण सूचना पाळत नाहीत. मीटिंगमध्ये तसं बोललेसुद्धा. “चार नंबरला जमतं, मग इतरांना का जमू नये? प्रश्न गाडीचा नाही, शिस्तीचा आहे.” व्यवस्थापकांनी टेबलावर बोटं वाजवली. “शाबास. चार नंबर कोण, तो उंच म्हातारा?”

“हो,” मी म्हणाले. “तो.”

तो! मी बाबांना ‘तो’ म्हणाले होते.

पुढच्या सोमवारी फळ्यावर नियम लागला. मर्यादा एकतीस लिटर. लागोपाठ तीन वेळा जो ओलांडेल त्याला तळ्याची फेरी बंद. गावातल्या गावात रिकाम्या कॅराव्हॅन धुवायला नेणं आणि दुरुस्तीला सोडणं, एवढंच काम. लांबच्या फेरीचा भत्ताही गेला. महिन्याभरात शिट्टी आणि आणखी दोघे गावात अडकले.

यार्डातलं वातावरण बदललं. मी आले की बोलणं थांबायचं. बाबांशीही कोणी फारसं बोलेना. आधी दुपारी सहाही जण भिंतीच्या सावलीत चहा घ्यायचे. आता बाबा एकटेच गाडीत बसायचे. चहाही त्यांनी सोडला होता. पित्त होतं म्हणाले. घरी आई कपडे भिजवताना कुरकुरायची, “हल्ली तुमच्या शर्टाला डिझेलचा वास किती येतो हो! अंघोळ करता का डिझेलने?” बाबा म्हणायचे, “गाडीचं काम आहे, अत्तराचा वास कुठून आणू?”

मी तिथेच बसलेली असायचे. चहा सुटला, वास वाढला, आकडा एकतीस. आणि मी इंजिनिअर.

एक दिवस शिट्टी माझ्या टेबलाशी आला. शिट्टी न वाजवता आला, म्हणून मी आधी ओळखलंच नाही.

“मॅडम, एक मागणं आहे. मला एकदा चार नंबरच्या शेजारी बसवा. तो काय करतो ते बघतो. मी सगळं करून पाहिलं. पंखा बंद ठेवला, खिडकी बंद ठेवली, घामाने भिजलो. शेवटच्या फेरीत तर उतारावर गाडी न्यूट्रल करून सोडली.”

“न्यूट्रल? मागे कॅराव्हॅन असताना?” मी उभीच राहिले.

“मग काय करू? तीन लिटर कुठून काढू? जीव घाबरला, पण फळ्यावर नाव नको म्हणून सोडली.” तो माझ्याकडे बघत नव्हता, माझ्या टेबलावरच्या कॅल्क्युलेटरकडे बघत होता. “मुलगी विचारते, पप्पा हल्ली रोज घरी कसे? तिला वाटतं, लाडाने राहतो.”

वळणावळणाच्या उतारावर, मागे दीड टनाचं घर ढकलत असताना, गाडी मोकळी सोडलेली. का, तर माझ्या एकतीससाठी. मी म्हणाले, “तुम्ही नाही, मीच जाते चार नंबरबरोबर. ते काय करतात ते सगळं टिपून घेते आणि सगळ्यांना शिकवते.” मला अजूनही वाटत होतं की उत्तर बाबांच्या पायात आहे.

यार्डात बाबांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “तुम्ही कशाला त्रास घेता मॅडम? उन्हाचं फार होतं.”

“नाही, मी येणार.”

“बरं,” ते म्हणाले. मी पहिल्या दिवशी म्हणाले होते तसंच.

गुरुवारी सकाळी आम्ही निघालो. सोळा वर्षांची असताना शेवटची मी त्या सीटवर बसले होते. मांडीवर वही, हातात पेन. यार्डाचं फाटक मागे पडलं तसे बाबा ‘तू’वर आले. “पट्टा लाव.”

आणि मग मी पाहिलं. त्यांची नजर समोरच्या गाडीवर नव्हती, तिच्याही पुढे चार गाड्या होती. सिग्नल लाल व्हायच्या आधीच त्यांचा पाय ॲक्सिलरेटरवरून उठलेला असायचा, आणि आपण पोचेपर्यंत तो हिरवा. ब्रेक जवळजवळ लागतच नव्हता. घाटाच्या पायथ्याशी त्यांनी वेग थोडा वाढवून घेतला आणि चढावर तो हळूहळू पडू दिला. मागचा ट्रक हॉर्न देत होता, त्याला जागा दिली. माथा दिसायला लागला, पण अजून पन्नास मीटर होता, तेव्हाच पाय उचलला. गाडी स्वतःच्या जोरावर माथा ओलांडून गेली.

“आधीच का उचलला?”

“पलीकडे उतार आहे ना. वर डिझेल जाळून खाली ब्रेक मारायचा, म्हणजे दोन्हीकडून नुकसान.”

“आणि उतारावर न्यूट्रल?”

“छे! गिअरमध्येच ठेवायची. इंजिनच धरून ठेवतं. आणि तेव्हा ते डिझेल पीतच नाही, आवाजावरून कळतं.”

हे मी पुस्तकात वाचलं होतं, आकृतीसकट. त्यांना ते कानाने माहीत होतं. मी भराभर लिहून घेत होते. मला अभिमान वाटत होता. तळ्यावर त्यांनी कॅराव्हॅन सोडली, दुसरी जोडली, हुक दोनदा हलवून पाहिला, हाताची पाठ टायरला लावली. आम्ही डबा खाल्ला. ते जास्त जेवले नाहीत.

परतीच्या वाटेवर शहर वीस किलोमीटरवर आलं तेव्हा डाव्या हाताला एक छोटा पंप लागला. पंपावर काम करणारी बाई नळीशेजारी बसली होती. आमची पिकअप दिसताच ती उठली आणि हातात एक पिवळा कॅन घेऊन रस्त्याच्या कडेला आली. कॅन वर धरून हलवला, आज नको का, असा. तोंडभर हसत होती.

बाबा सरळ समोर बघत राहिले. पंप मागे गेला.

“कोण हो ती?”

“कोण? तिला दुसरंच कोणी वाटलं असेल.”

त्यांचे कान लाल झाले होते. शाळेच्या फाटकात माझे झाले होते तसे. कॅन केवढा होता? फार मोठा नव्हता, तीन लिटरचा असेल. चौतीस वजा तीन. माझ्या हातातलं पेन थांबलं. मी मनात म्हणत होते, तसं नसू दे, यार्डात एकतीस येऊ दे.

यार्डात नळी टाकीत गेली आणि आकडे फिरायला लागले. तीस. एकतीस. मी नळीकडे बघत होते, जणू बघितल्याने ती थांबेल. बत्तीस. तेहेतीस. चौतीसच्या जरा पुढे खट् आवाज झाला.

डिझेल भरून देणारा स्टोअरवाला मोठ्याने म्हणाला, “काय चार नंबर, मॅडमचं वजन तीन लिटरचं का?”

भिंतीशी बसलेले सगळे हसले. मीही हसले. बाबा टाकीचं झाकण लावत होते. ते त्यांनी एवढं घट्ट फिरवलं की दुसऱ्या दिवशी काढताना पकड लागली.

सगळे पांगल्यावर मी पुन्हा गाडीत चढले. सीटखाली हात घातला. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं नरसाळं निघालं.

“कधीपासून?”

“दुसऱ्या आठवड्यापासून.” ते स्टीअरिंगशी बसून होते. “यार्डात यायच्या आधी तिथेच थांबून ओतायचो.”

“अहो पण का?”

“तू एकतीस म्हणाली होतीस.”

“चौतीस आले असते तर आले असते बाबा! मी पुन्हा गणित केलं असतं!”

“तुला कायम करणार नव्हते ना.” मग जरा वेळाने म्हणाले, “मला वाटलं, गणित तुझं बरोबरच असेल. मलाच चालवता येत नसेल तेवढं नीट. पाच-सहा फेऱ्यांत जमलं की कॅन बंद करायचा. जमलंच नाही.”

तेवीस वर्षं घाट चढवणाऱ्या माणसाला माझ्या कागदामुळे वाटलं होतं की आपल्याला चालवता येत नाही.

“मग नियम लागला तेव्हा तरी बोलायचं.”

“तेव्हा बोललो असतो तर तू मीटिंगमध्ये जे म्हणालीस ते खोटं ठरलं असतं.” त्यांनी माझ्या हातातून नरसाळं घेतलं. “हे बघ, सोपं आहे. उद्या तू सांग, मी शेजारी बसून चोरी पकडली. पकडलीच आहेस की. तुझं नाव होईल. माझं काय, निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत.”

मी नाही म्हटलं नाही. इथे मला सजवून लिहिता आलं असतं, पण खरं तेच लिहिते. मी मान खाली घालून बसले आणि एकदा, अगदी एकदाच, माझ्या मनात आलं की असं झालं तर बरंच होईल. बाबांनी माझ्याकडे पाहिलं आणि त्यांना कळलं. ते नेहमीसारखंच हसले आणि खाली उतरले.

सकाळी मी मुद्दाम उशीर केला. डिझेलच्या आकड्यांच्या आलेखाचे कोपरे नीट करते आहे असं स्वतःला सांगत घरच्या टेबलाशी वीस मिनिटं बसले. बाबा कधीच निघून गेले होते. यार्डात पोचले तेव्हा ते व्यवस्थापकांच्या काचेच्या केबिनमध्ये टोपी हातात घेऊन उभे होते. हजेरीची वही घेऊन शिट्टी दारातच ताटकळत होता.

“या मॅडम,” व्यवस्थापक म्हणाले. “कमाल केलीत. हा इसम टाकीत बाहेरून डिझेल ओतून आकडे कमी दाखवत होता. चौकशीत काय निघायचं ते निघेल, पण तुम्ही शोधलंत हे मी वर कळवणार आहे.”

बाबा माझ्याकडे न बघता म्हणाले, “काल मॅडम शेजारी बसल्या, म्हणून सापडलं साहेब. नाहीतर सापडलं नसतं.”

तोच आवाज. हिच्या बाबांनी पाठवलंय. तेव्हा मी आठवीत होते आणि पेटी घेऊन वर निघून गेले होते.

“ते माझे बाबा आहेत,” मी म्हणाले.

आवाज फार बारीक आला. व्यवस्थापकांनी “काय?” विचारलं आणि मला ते पुन्हा म्हणावं लागलं. दुसऱ्यांदा म्हणणं जास्त अवघड गेलं. मग मी थांबले नाही. “गणित माझं चुकलं होतं. टोपीचा हिशोब करताना मी सगळा रस्ता सपाट धरला. शेवटचे चाळीस किलोमीटर चढाचे आहेत, तिथे टोपीचा उपयोग नाही, तिथे फक्त वजन चालतं. चौतीस हाच खरा आकडा आहे. बाबांनी मला आधीच विचारलं होतं. मी ऐकलं नाही. ते माझ्यासाठी ओतत होते. मला काल संध्याकाळी कळलं, आणि तरी आज मी मुद्दाम उशिरा आले, कारण ते आधी येऊन सगळं स्वतःवर घेतील हे मला माहीत होतं.”

व्यवस्थापकांनी बाबांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “तुम्ही बापलेक आहात? आणि इथे कोणालाच माहीत नाही?”

दारातून शिट्टी म्हणाला, “आम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत आहे साहेब. नाक बघा ना दोघांचं.”

“मग बोलला का नाहीत?”

“चार नंबरने सांगितलं होतं, बोलू नका. पोरीला ओशाळं वाटेल म्हणाला.”

मला वाटलं होतं, खरं बोलल्यावर हलकं वाटतं. मला तसं काही वाटलं नाही. मी महिनोन्महिने त्या सगळ्यांसमोर मान हलवून माझ्या बापाचा नमस्कार घेतला होता, आणि ते सगळे तो बघत होते. चहा पीत बघत होते.

बाबांना तीन महिने रस्ता बंद झाला. काढून टाकलं नाही, कारण शिट्टीने बाकीच्या चौघांना घेऊन केबिनमध्ये अर्धा तास काहीतरी सांगितलं. काय ते मला कोणी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. माझं कायम होणं सहा महिने पुढे गेलं. फळ्यावरचं एकतीस मी स्वतः ओल्या फडक्याने पुसलं आणि चौतीस लिहिलं. तिघांच्या लांबच्या फेऱ्या परत सुरू झाल्या. शिट्टीची गाडी दुरुस्तीला गेली म्हणून त्याला चार नंबरची पिकअप दिली. तो ती घेऊन शिट्टी वाजवत फाटकाबाहेर जातो तेव्हा बाबा पाण्याची नळी हातात धरून कॅराव्हॅन धूत असतात. तरी त्यांना सगळे चार नंबरच म्हणतात.

चहा परत सुरू झाला आहे. डिझेल भरताना मी शेजारी उभी असले की कोणीतरी म्हणतंच, “मॅडम, कमी पडलं तर सांगा, कॅन आणतो.” सगळे हसतात. बाबा हसतात, जरा उशिराने.

गेल्या रविवारी जेवताना मी माझा पेला त्यांच्याकडे सरकवला. “बाबा, त्या दिवशी रेघ ओढत होता ना, ती पुन्हा ओढा.”

“आता कशाला? तुझं जवळजवळ बरोबर होतं.”

“नव्हतं. ओढा.”

आई फडकं घेऊन आली होती, ती थांबली. बाबांनी बोट भिजवलं. सपाट रेघ, मग चढ, मग छोटा उतार, पुन्हा चढ. सगळा घाट त्यांना पाठ होता, वळणांसकट.

“पाय कुठे उचलायचा?”

“इथे.”

मी बोट ठेवलं.

“तिथे नाही. त्याच्या आधी.” त्यांनी माझं बोट धरून मागे सरकवलं. तोवर सुरुवातीची सपाट रेघ वाळायला लागली होती.

सोमवारी सकाळी आम्ही एकत्रच निघालो, मी बसने न जाता त्यांच्या सायकलशेजारी चालत. यार्डात शिरताच त्यांनी नळी उचलली. मला नव्या गणितासाठी घाटातली एक गोष्ट विचारायची होती. मी पायरीवरून, सगळ्यांसमोर, मोठ्याने हाक मारली, “बाबा!”

त्यांनी आधी मागे वळून पाहिलं, दुसऱ्याच कोणाला हाक मारली असावी तसं. मागे कोणी नव्हतं. मग नळी बंद केली, हात विजारीला पुसले आणि म्हणाले, “बोला मॅडम.”